वाच्य, पण अननुवाद्य : हिब्रू धर्मग्रंथातील कामविषयक शब्दप्रयोग आणि भाषांतराचे प्रश्न

प्राचीन यहुदी प्रार्थनालयांत धर्मग्रंथाचे वाचन मूळ हिब्रूत होत असे. हिब्रू ही जनसामान्यांची बोली राहिली नव्हती. म्हणून वाचकाशेजारी उभा राहून एक दुभाषी प्रत्येक वचनाचा अर्थ अरमाईक भाषेत सांगे. ह्या दुभाष्यास ‘मेतुर्गेमान’ म्हणत. इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नेत, ‘मगिल्ला’ ह्या प्रकरणाच्या अखेरीस (४·१०), त्याच्या कामावर घातलेल्या मर्यादांची एक यादी आढळते. याकोबाचा पुत्र रऊबेन ह्याने पित्याच्या उपपत्नीशी केलेल्या व्यवहाराची कथा वाचावी, पण तिचे भाषांतर करू नये. यहूदा आणि त्याची सून तामार ह्यांची कथा वाचावी आणि तिचे भाषांतरही करावे. दावीद व अम्नोन ह्यांच्या कथा, प्रचलित पाठानुसार, वाचूही नयेत आणि भाषांतरितही करू नयेत, असा तिचा आशय आहे. तल्मूदात ह्या यादीवर पुढे ऊहापोह झाला आणि अम्नोनविषयक निर्बंध तेथे बराच मर्यादित केला गेला. तथापि मूळ यादीतील त्रिविध वर्गीकरण भाषाभ्यासकाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. एखादे वचन पवित्र असू शकते, वाच्य असू शकते, आणि तरीही अननुवाद्य असू शकते, ही जाणीव त्या काळच्या आचार्यांना होती.

त्या निर्बंधामागे पूर्वजांच्या कीर्तीची चिंता होती. आजच्या भाषांतरकारापुढील अडचण निराळी आहे. त्याला काहीही गाळण्याची मुभा नाही. परंतु ज्या शब्दांतून मूळ आशय व्यक्त झाला त्यांचा अर्थ निश्चित करणे हे अनेक ठिकाणी दुष्कर असते. शिवाय हे शब्द केवळ कोशातील शब्द नव्हेत. विवाह, घटस्फोट, बलात्कार, समलिंगी संबंध ह्यांविषयीचे धर्मनियम त्यांवर उभे राहिले आणि त्या नियमांनी असंख्य माणसांच्या आयुष्याचे निर्णय केले. ह्या शब्दांपैकी काही प्रातिनिधिक शब्द निवडून त्यांच्या भाषांतरातील प्रश्न कोणते आणि मराठी भाषेस त्यांत कोणती सोय व कोणता धोका आहे, ह्याचा विचार येथे करावयाचा आहे. अध्याय व वचने ह्यांचे क्रमांक मराठी प्रतींप्रमाणे दिले आहेत.

१. लेखन आणि उच्चार

प्रथम लिपीचा प्रश्न. हिब्रू लेखन मुळात व्यंजनप्रधान होते. स्वरचिन्हे मासोरा-पंडितांनी इ. स.च्या सातव्या ते दहाव्या शतकांत सिद्ध केली. आज ज्यावर मुद्रित आवृत्त्या प्रामुख्याने आधारल्या जातात ती ‘लेनिनग्राड’ नावाने ओळखली जाणारी संपूर्ण पोथी १००८-०९ ची आहे. म्हणजे मूळ रचना आणि तिचा सस्वर पाठ ह्यांत कित्येक शतकांचे अंतर आहे. हे अंतर केवळ उच्चारापुरते नसते. त्यामुळे अर्थही पालटतो.

गीतरत्न ह्या प्रेमकाव्याच्या आरंभीच ह्याचे उदाहरण सापडते (१·२). तेथील द-द-य-ख ह्या व्यंजनसमूहास मासोरा-परंपरा ‘दोदेखा’ असे वाचते. ‘दोदीम’ म्हणजे प्रणय, त्यातही प्रत्यक्ष प्रणयक्रीडा. ‘तुझा प्रणय’ असा अर्थ होतो. परंतु ग्रीक सेप्टुअजिंट आणि जेरोमचा लॅटिन व्हल्गेट ह्या भाषांतरांत त्याच जागी ‘तुझे स्तन’ असा अर्थ दिसतो. कारण ‘दद्’ म्हणजे स्तन, आणि व्यंजने तीच. पहिल्या वाचनात बोलणारी स्त्री असून ती प्रियकरास उद्देशून बोलते. दुसऱ्या वाचनात संबोधित व्यक्ती स्त्री ठरू लागते, किंवा मग रूपकाचा आश्रय करावा लागतो. पाश्चात्त्य ख्रिस्ती मध्ययुगाने लॅटिन पाठावर रूपकात्मक भाष्यांचे मोठे भांडार उभारले, त्याच्या मुळाशी एका स्वराचा फरक होता.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. पोथीत लिहिलेला शब्द एक आणि उच्चारावयाचा शब्द दुसरा, अशी व्यवस्था मासोरा-परंपरेत अनेक ठिकाणी आहे. लिखितास ‘कतीव’ आणि पठितास ‘करे’ म्हणतात. ‘शागल’ हा संभोगवाचक धातू ग्रंथात चार ठिकाणी लिहिलेला आढळतो (अनुवाद २८·३०, यशया १३·१६, यिर्मया ३·२, जखऱ्या १४·२). चारही ठिकाणी त्याच्या जागी ‘शाखव’ म्हणजे ‘निजणे’ ह्या धातूचे रूप वाचावयाचे असते. ग्राम्य शब्द लिहिलेला असल्यास त्याऐवजी सभ्य शब्द वाचावा, असा नियमच तल्मूदात (मगिल्ला २५ ब) सांगितला आहे. ह्यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. एक, मूळ लेखकांना तो शब्द त्याज्य वाटला नव्हता, अथवा त्यांनी तो हेतुपुरस्सर योजिला होता. कारण चारांपैकी तीन स्थळी शत्रूच्या हातून स्त्रियांवर होणाऱ्या अत्याचाराचे भाकीत आहे आणि तेथील कठोरपणा अभिप्रेत आहे. दुसरी, सभ्यतेची कल्पना ग्रंथाच्या आयुष्यातच बदलत गेली. भाषांतरकाराने कोणाशी इमान राखावयाचे, लिहिणाऱ्याशी की वाचणाऱ्याशी, हा प्रश्न येथे प्रथम उभा राहतो. बहुतेक भाषांतरे पठित पाठ स्वीकारतात आणि मूळचा आघात हरवतो.

२. पर्यायोक्ते आणि त्यांचा पल्ला

संस्कृत साहित्यशास्त्राने अश्लील दोषाचे तीन प्रकार मानले आहेत : व्रीडा उत्पन्न करणारा, जुगुप्सा उत्पन्न करणारा आणि अमंगलसूचक. हिब्रू ग्रंथातील आडवळणाच्या शब्दप्रयोगांकडे पाहताना ही वाटणी उपयोगी पडते. शरीरावयव आणि संभोग ह्यांविषयी बोलताना तेथील लेखक व्रीडा टाळतात. परंतु कथनातील वस्तुस्थिती टाळीत नाहीत.

‘बो एल’ म्हणजे एखादीकडे येणे वा जाणे, ‘कारव’ म्हणजे जवळ जाणे, ‘शाखव’ म्हणजे निजणे, हे तीन प्रयोग सर्वत्र विखुरलेले आहेत. येथे मराठीची स्थिती इंग्रजीपेक्षा बरी आहे. ‘जवळ जाणे’ आणि ‘निजणे’ हे प्रयोग मराठीत त्याच अर्थाने, त्याच संकोचाने आणि तितक्याच स्पष्टपणे चालतात. त्यांकरिता टीप द्यावी लागत नाही. मराठीची खरी उणीव दुसरीकडे आहे. ‘संभोग’, ‘मैथुन’ हे संस्कृत शब्द वैद्यकाचे व कायद्याचे झाले. देशी शब्द शिव्यांत जमा झाले. मधली, घरात बोलता येईल अशी पातळी विरळ आहे. हिब्रू कथनाची पातळी नेमकी ती मधली आहे. म्हणून साध्या हिब्रू धातूसाठी जड संस्कृत शब्द योजला की कथा न्यायालयातील कैफियतीसारखी वाटू लागते.

‘यादा’ म्हणजे जाणणे. हा धातू ग्रंथात नऊशेहून अधिक वेळा येतो. त्यांपैकी संभोगाच्या अर्थाने तो केवळ डझन-दीड डझन ठिकाणी आहे. मराठीत ‘जाणणे’ किंवा ‘ओळखणे’ ह्यांस तो अर्थ नाही. त्यामुळे येथे शब्दशः भाषांतर अर्थहानी करते आणि स्पष्ट भाषांतर पर्यायोक्ताचा नाश करते. शब्दाची ही द्व्यर्थता एका वादाच्या मुळाशी आहे. सदोम नगरातील पुरुष लोटाच्या घराभोवती जमून त्याच्या पाहुण्यांना ‘जाणण्याची’ मागणी करतात (उत्पत्ती १९·५). डेरिक शेर्विन बेली ह्या इंग्रज धर्मपंडिताने १९५५ मध्ये असे प्रतिपादन केले की, धातूचा सामान्य अर्थ पाहता तेथे परकीयांची ओळखपाळख तपासणे एवढेच अभिप्रेत असावे. संख्येचा आधार घेऊन केलेला हा तर्क भाषाशास्त्राच्या कसोटीस उतरत नाही. शब्दाचा अर्थ सरासरीने ठरत नाही. तो संदर्भाने ठरतो, आणि तीनच वचने पुढे लोट आपल्या कन्यांविषयी तोच धातू निःसंदिग्ध लैंगिक अर्थाने वापरतो. मात्र बेलीच्या विवेचनातील दुसरा भाग टिकून राहिला. ते कृत्य पाहुण्यांवरील सामुदायिक बळजबरीचे आहे, आणि संदेष्टा यहेज्केल (१६·४९) सदोमचा दोष सांगताना गर्व, अन्नाची विपुलता आणि दरिद्र्यांची उपेक्षा ह्यांचा प्रथम उल्लेख करतो. कथेतील शब्दाचा अर्थ लैंगिक आहे हे मान्य केल्याने कथेचा विषय परस्परसंमतीचा संबंध ठरत नाही. ह्या दोन विधानांची गल्लत दोन्ही पक्षांकडून होत आली आहे.

अवयववाचक शब्दांत ‘रग्लायिम’ (पाय), ‘यारेख’ (मांडी), ‘बासार’ (मांस, देह) आणि क्वचित ‘याद’ (हात) हे जननेंद्रियांकरिता योजिलेले दिसतात. यशया ७·२० मधील पायांचे केस हे असे एक स्थळ. परंतु प्रत्येक ‘पाय’ हे पर्यायोक्त नव्हे. रूथ ही विधवा रात्री खळ्यावर जाऊन बवाजाच्या पायांकडील पांघरूण दूर करते आणि तेथे निजते (रूथ ३). तेथील ‘मर्गेलोत’ हा शब्द ‘पायांकडील जागा’ एवढेच सांगतो. लेखकाने ‘निजणे’, ‘उघडणे’, ‘जाणणे’ असे द्व्यर्थी धातू त्या एका अध्यायात एकत्र आणले आहेत आणि काय घडले ते सांगितलेले नाही. येथे अस्पष्टता हीच रचना आहे. मराठीत ‘पायथ्याशी निजली’ असे म्हटले तर ती बहुतांशी टिकते. टीपेत एकच अर्थ ठाम सांगितला तर ती संपते.

ह्या वर्गातील सर्वांत दूरगामी शब्द ‘एर्वा’ होय. त्याचा अर्थ नग्नता, गुह्य. लेवीय १८ मध्ये निषिद्ध नात्यांची जी यादी आहे, ती ‘एर्वा उघडी करणे’ ह्या वाक्प्रयोगाने चालते. ह्याच शब्दाचा ‘एर्वत दावार’ असा समास अनुवाद २४·१ मध्ये येतो. तेथे पतीस पत्नीच्या ठायी ‘एर्वत दावार’ आढळल्यास त्याने सूटपत्र द्यावे, असा संदर्भ आहे. शब्दशः ‘गोष्टीची नग्नता’. हा दोष कोणता? मिश्नेत (गित्तीन ९·१०) तीन मते नोंदलेली आहेत. शम्मायच्या परंपरेने तो लैंगिक दुराचार मानला. हिल्लेलच्या परंपरेने ‘दावार’ ह्या पदावर भर देऊन कोणतीही अप्रिय गोष्ट, अन्न करपविणे हेसुद्धा, पुरेसे कारण मानले. रब्बी अकीवा ह्याने तर दुसरी अधिक सुंदर स्त्री आढळली तरी सूटपत्र देता येईल असे म्हटले. मात्र त्याचा आधार त्याच वचनातील दुसऱ्या शब्दांवर होता. दोन पदांचा समास. कोणत्या पदास प्राधान्य द्यावयाचे ह्यावर स्त्रीच्या संसाराची सुरक्षितता अवलंबून राहिली. विशेष हे की, एकच अध्याय आधी (२३·१४) हाच समास छावणीतील उघड्यावरच्या मलमूत्रास लावलेला आहे. तेव्हा त्याचा अर्थ ‘व्यभिचार’ असा नेमका करणे जसे साधार नाही, तसेच ‘कोणतीही गोष्ट’ असा पसरट करणेही नाही. ‘काही लाजिरवाणी गोष्ट’ हा मराठी प्रयोग मूळच्या अनिश्चिततेस त्यातल्या त्यात जवळ जातो.

३. बळ, संमती आणि ‘इन्ना’

येथवरच्या उदाहरणांत प्रश्न संकोचाचा होता. पुढील उदाहरणात तो न्यायाचा आहे. याकोबाची कन्या दीना (उत्पत्ती ३४) आणि दावीदाची कन्या तामार (२ शमुवेल १३) ह्यांच्या कथांत ‘इन्ना’ हा धातू येतो. पुष्कळ भाषांतरे त्यासाठी ‘बलात्कार’ किंवा ‘भ्रष्ट करणे’ ह्या अर्थाचे शब्द योजतात. धातूचा एकंदर वापर पाहता चित्र गुंतागुंतीचे दिसते. मिसरी लोकांनी इस्राएलांवर लादलेला जाच (निर्गम १·११), सारायने दासी हागारेस केलेला छळ (उत्पत्ती १६·६), प्रायश्चित्ताच्या दिवशी उपासाने स्वतःस कष्टविणे (लेवीय १६·२९), ह्या सर्वांस हाच धातू आहे. युद्धात पकडून आणलेल्या व विवाहित केलेल्या स्त्रीस पतीने नंतर दूर केल्यास तिला विकू नये, कारण त्याने तिला ‘इन्ना’ केले आहे, असे अनुवाद २१·१४ सांगते. एलन व्हान वोल्डे ह्या डच विदुषीने २००२ मध्ये ह्या सर्व स्थळांचा परामर्श घेऊन असे दाखविले की, धातूचा गाभा बळाचा नसून सामाजिक अवनतीचा आहे : एखाद्या व्यक्तीस तिच्या स्थानावरून खाली आणणे.

ह्याचा अर्थ तामारेवर बलात्कार झाला नाही असा मुळीच नव्हे. तेथे बळाचा निर्देश अन्य शब्दांनी केला आहे. अम्नोन तिला धरतो. ती नकार देते आणि त्या नकारात ‘इन्ना’ हाच धातू स्वतः उच्चारते. तो तिच्याहून बलवत्तर ठरतो. मग ‘इन्ना’ आणि ‘शाखव’ हे दोन्ही धातू एकामागून एक येतात. अर्थ एका शब्दात नसून त्या क्रमात आहे. भाषांतरकाराने ‘बलात्कार’ हा एक शब्द योजून तो क्रम आटोपता घेतला, तर घटनेचे नाव मिळते आणि घटना हरवते. विशेषतः तिच्या तोंडचा विरोध फिका पडतो.

‘शाखव’ ह्या धातूच्या अन्वयातही एक मर्म आहे. तो सामान्यतः ‘-शी, -सह’ ह्या अर्थाच्या अव्ययासह येतो. दावीद व बथशेबा ह्यांच्या कथेत (२ शमुवेल ११·४) ‘इम्माह’ म्हणजे ‘तिच्यासह’ असे रूप आहे. दीना व तामार ह्यांच्या बाबतीत मात्र मासोरा-परंपरा ‘ओताह’ असे वाचते. हे द्वितीयेचे रूप आहे, ‘तिला’. व्यंजने तीच ठेवून ‘इत्ताह’ वाचले तर पुन्हा ‘तिच्यासह’ असा अर्थ झाला असता. स्वरचिन्हे देणाऱ्यांनी ह्या दोन ठिकाणी स्त्रीला क्रियेतील सोबती न मानता क्रियेचे कर्म मानले, असे अनेक अभ्यासकांना वाटते. परंतु हा निष्कर्षही सावधपणे घ्यावयास हवा. कारण लेवीय १५·१८ सारख्या, बळाचा मागमूसही नसलेल्या नियमांत तेच द्वितीयारूप आढळते.

आता कायद्याकडे वळता येईल. ‘अनुवाद’ हे ह्या पाचव्या पुस्तकाचे मराठी नाव आहे. भाषांतर ह्या आजच्या अर्थाने नव्हे, तर पूर्वी सांगितलेले पुन्हा सांगणे ह्या जुन्या शास्त्रीय अर्थाने. त्याच्या २२ व्या अध्यायात तीन प्रकरणे ओळीने येतात. वाग्दत्ता मुलीशी नगरात संबंध घडला आणि ती ओरडली नाही, तर दोघांस मृत्युदंड (२३-२४). तोच प्रसंग रानात घडला आणि पुरुषाने तिला ‘हेखेझीक’ म्हणजे घट्ट धरले, तर केवळ पुरुषास दंड. कारण ती ओरडली असेल पण ऐकणारा कोणी नव्हता (२५-२७). वाग्दान न झालेल्या कुमारिकेस पुरुषाने ‘तापास’ म्हणजे पकडले आणि दोघे सापडले, तर त्याने पित्यास ५० शेकेल रुपे द्यावे, तिच्याशी विवाह करावा आणि तिला कधीही सोडू नये (२८-२९). निर्गम २२·१६ मध्ये ह्यासारखाच नियम आहे; पण तेथील धातू ‘पाता’ म्हणजे भुलविणे असा आहे, आणि पित्यास विवाह नाकारण्याचा अधिकार आहे.

‘तापास’ म्हणजे बळाने पकडणे की नुसते हाती धरणे, ह्यावर तिसऱ्या प्रकरणाचे स्वरूप अवलंबून आहे. बळ मानले तर कायदा पीडित मुलीस अत्याचाऱ्याच्याच घरी पाठवितो. न मानले तर तो विवाहपूर्व संबंधाचा नियम होतो. काही आधुनिक इंग्रजी भाषांतरे येथे सरळ ‘बलात्कार’ असा अर्थ देतात, काही तो टाळतात. भाषाशास्त्र येथे एवढेच सांगू शकते की, मागच्याच प्रकरणातील धातू बदलून लेखकाने दुसरा योजला आहे आणि हा बदल भाषांतरात दिसला पाहिजे. दोन्ही ठिकाणी एकच मराठी शब्द घालणारा भाषांतरकार वाचकाकडून पुरावाच काढून घेतो. तिन्ही प्रकरणांत मुलीची संमती हा स्वतंत्र मुद्दा म्हणून विचारात घेतलेला नाही. हानी पित्याची वा वाग्दत्त पतीची मानलेली आहे. ‘बलात्कार’ हा आजचा शब्द स्त्रीच्या संमतीच्या कल्पनेवर उभा आहे. तो तेथे घातल्याने प्राचीन कायदा आहे त्याहून अधिक आपल्यासारखा दिसू लागतो.

‘इन्ना’ला मराठी प्रतिशब्द कोणता? ‘भ्रष्ट करणे’ आणि ‘अब्रू घेणे’ हे प्रयोग कलंक स्त्रीच्या माथी ठेवतात. ‘गांजणे’ हा जुना देशी शब्द गुलामांचा जाच, दासीचा छळ आणि स्त्रीवरील जबरदस्ती ह्या तिन्ही प्रसंगी चालतो, आणि दोष गांजणाऱ्याकडे राहतो. मूळ धातूचा पल्ला त्यामुळे बराचसा झाकला जातो. उपासाच्या वचनात मात्र तो चालणार नाही. तेथे ‘कष्टविणे’च हवे.

४. लेवीय १८·२२

पुरुषापुरुषांतील संबंधाविषयीचे हे वचन मूळ हिब्रूत अत्यंत संक्षिप्त आहे. त्यातील तीन शब्द पाहण्यासारखे आहेत. पहिला ‘झाखार’, म्हणजे नर. ‘ईश’ म्हणजे पुरुष, मनुष्य हा नेहमीचा शब्द येथे नाही. दुसरा ‘मिश्केवे इश्शा’. ‘मिश्काव’ हे ‘शाखव’ धातूपासून झालेले नाम असून त्याचे हे अनेकवचनी संबंधरूप आहे. ‘स्त्रीची शयने’ असा त्याचा शब्दार्थ. ते क्रियापदाचे अंतर्गत कर्म म्हणून आले आहे, जसे मराठीत ‘चाल चालणे’, ‘खेळ खेळणे’. बहुतेक भाषांतरांत दिसणारे ‘जसे’ किंवा ‘प्रमाणे’ हे उपमावाचक मुळात नाही. ते भाषांतरकारांनी घातले आहे. हा संकेत समजण्यासाठी त्याचा प्रतियोगी शब्द मदत करतो. गणना ३१·१७-१८ आणि शास्ते २१·११-१२ येथे पुरुषसंग झालेल्या वा न झालेल्या स्त्रियांचा उल्लेख करताना ‘मिश्काव झाखार’ हा प्रयोग येतो. ह्या जोडीचा अभ्यास करून सॉल ओल्यन ह्यांनी १९९४ मध्ये असा निष्कर्ष मांडला की, वचनात निषेध आहे तो एका विशिष्ट कृतीचा, म्हणजे पुरुषांमधील प्रवेशात्मक संभोगाचा. सर्व प्रकारच्या शारीरिक जवळिकीचा नव्हे. याकोब मिल्ग्रोम ह्यांनी आपल्या लेवीय-भाष्यात (२०००) ह्या नियमांचा अधिकार इस्राएलापुरता व त्यांच्या भूमीपुरता मर्यादित असल्याचे म्हटले आणि स्त्रियांमधील संबंधांचा त्यांत उल्लेख नसल्याकडे लक्ष वेधले. ह्या मर्यादा सर्वांस मान्य नाहीत. परंतु त्या मूळच्या शब्दांतून काढलेल्या आहेत.

तिसरा शब्द ‘तोएवा’. लेवीय २०·१३ मध्ये ह्याच कृत्यास मृत्युदंड सांगितला असून तेथेही हा शब्द आहे. त्याचा प्रदेश विस्तृत आहे. निषिद्ध खाद्य (अनुवाद १४·३), खोटी वजने व मापे (अनुवाद २५·१६) आणि मूर्तिपूजा ह्यांना तो लागतो. इतकेच नव्हे, तर इब्री लोकांबरोबर जेवणे हे मिसरी लोकांना ‘तोएवा’ वाटे (उत्पत्ती ४३·३२). एका समाजाची सीमारेषा ओलांडणारी गोष्ट, असा त्याचा सामान्य आशय दिसतो. मराठी भाषांतरकाराजवळ येथे शब्दांची समृद्धी आहे आणि तीच त्याची अडचण आहे. ‘विटाळ’ हा शब्द ‘तामे’ (अशुद्ध) आणि ‘निद्दा’ (रजस्वलेची अशुद्धता) ह्यांना जवळचा आहे; कारण तो विधीने आणि काळाने फिटतो. ‘तोएवा’ तसा फिटत नाही. ‘किळसवाणे’ किंवा ‘घृणास्पद’ हे शब्द जुगुप्सेचे आहेत. ते वाचकाच्या भावनेवर बोट ठेवतात. खोट्या वजनांना कोणी किळसवाणे म्हणत नाही. ‘अमंगळ’ हा शब्द आचारमर्यादेचा वास राखतो आणि सर्व स्थळी चालू शकतो. एकाच हिब्रू शब्दास खाद्याच्या प्रकरणी ‘वर्ज्य’ आणि ह्या प्रकरणी ‘घृणास्पद’ असे दोन प्रतिशब्द दिले, तर मुळात नसलेली चढती श्रेणी भाषांतरात निर्माण होते. हा फरक वरकरणी शैलीचा वाटतो. परंतु ज्या तरुणास ते वचन धर्मगुरूच्या वा पालकाच्या मुखातून आपल्याविषयी म्हणून ऐकावे लागते, त्याच्या दृष्टीने तो शैलीचा राहत नाही.

येथेच आधुनिक नामांचा प्रश्न येतो. समलिंगी व्यक्तीचा वाचक असा आजच्या युरोपीय भाषांतील शब्द प्रथम जर्मन भाषेत कार्ल-मारिया केर्टबेनी ह्याने योजला आणि १८६९ मध्ये तो छापला गेला. हिब्रू वचन कृती सांगते, व्यक्तीचा प्रकार सांगत नाही. ‘समलिंगी’ हा मराठी शब्द आज प्रकृतीचा व ओळखीचा वाचक आहे. तो वचनात घातल्यास कृतीविषयीचा प्राचीन निषेध एका मनुष्यवर्गाविषयीचा निर्णय होऊन बसतो. उलट, वचनातील निषेध सौम्य करण्यासाठी ‘शोषण’ किंवा ‘देवळातील व्यभिचार’ असे शब्द घालणे हेही तितकेच निराधार; तसे कोणतेही पद तेथे नाही. वचन कठोर आहे. त्याची कठोरता जेथवर आहे तेथवरच दाखविणे हे भाषांतर, आणि त्याचे आज काय करावयाचे हा धर्मचिंतनाचा विषय.

५. परक्या संस्था, ओळखीचे शब्द

‘केदेशा’ (स्त्री) आणि ‘कादेश’ (पुरुष) हे शब्द ‘पवित्र’ ह्या अर्थाच्या क-द-श धातूपासून आले आहेत (अनुवाद २३·१७). १६११ च्या इंग्रजी भाषांतराने ‘कादेश’साठी सदोम नगरावरून बनलेला शब्द योजला. मुळात त्या नगराशी शब्दाचा काहीही संबंध नाही; इंग्रजी वाचकाच्या मनात मात्र दोन भिन्न विषय कायमचे जोडले गेले. पुढे एकोणिसाव्या-विसाव्या शतकांत ‘देवळातील पवित्र वेश्या’ हा अर्थ रूढ झाला. स्टेफनी बुडिन ह्यांनी २००८ मधील ग्रंथात अशी संस्था प्राचीन पश्चिम आशियात होती ह्याचा पुरावाच अपुरा असल्याचे दाखविले. उत्पत्ती ३८ मध्ये यहूदा तामारेस ‘झोना’ म्हणजे वेश्या समजतो, आणि त्याचा मित्र गावकऱ्यांकडे तिची चौकशी करताना ‘केदेशा’ म्हणतो. दोन्ही शब्द समानार्थी होते, की मित्राने चारचौघांत बरा शब्द वापरला, हे सांगता येत नाही. पण शब्द दोन आहेत एवढे निश्चित.

मराठी भाषांतरकारास येथे ‘देवदासी’ किंवा ‘मुरळी’ हा शब्द हाताशी आहे, आणि तो टाळावयास हवा. त्या शब्दासवे जेजुरीचा खंडोबा, सौंदत्तीची यल्लमा आणि १९३४ चा मुंबई इलाख्यातील देवदासी-संरक्षण कायदा असा सर्व इतिहास त्या वचनात शिरतो, आणि जी संस्था मुळात होती की नाही हेच अनिश्चित आहे ती वाचकास परिचित वाटू लागते. ‘केदेशा’ हा मूळ शब्दच ठेवून टीप देणे अधिक प्रामाणिक होय.

‘अल्मा’ (यशया ७·१४) ह्या शब्दाची कथा सुप्रसिद्ध आहे. त्याचा अर्थ वयात आलेली तरुणी. सेप्टुअजिंटने तेथे ‘पार्थेनोस’ योजले आणि मत्तयाच्या शुभवर्तमानाने त्याच आधारे येशूचा जन्म कुमारीच्या पोटी सांगितला. १९५२ मध्ये एका अधिकृत इंग्रजी आवृत्तीने ‘तरुणी’ असा प्रतिशब्द छापला, तेव्हा अमेरिकेत ते पान जाहीरपणे जाळण्यापर्यंत मजल गेली. परंतु ‘बेतूला’ हा शब्दही कौमार्याचा निर्विवाद वाचक नाही. योएल १·८ मध्ये बेतूला आपल्या तारुण्यातील पतीसाठी शोक करते. आणि उत्पत्ती २४·१६ मध्ये रिबकेस बेतूला म्हटल्यावरही तिला पुरुषाचा संबंध नव्हता हे वेगळे सांगावे लागले आहे. मराठीतील ‘कुमारी’ शब्दाची स्थिती अशीच आहे. नावामागे लावलेली ‘कुमारी’ ही अविवाहितेची खूण आहे, देहस्थितीची नव्हे. शब्दकोशाने ज्या गोष्टी वेगळ्या केल्या त्या समाजाच्या बोलण्यात एकत्र राहतात.

६. मराठीतील परंपरा

मराठी आणि हिब्रू ह्यांचा संबंध पुस्तकी नाही. कोकणातील बेने इस्राएल समाजाची मातृभाषा मराठी आणि प्रार्थनेची भाषा हिब्रू. जॉन विल्सन ह्यांनी १८३२ मध्ये मुंबईत हिब्रू व्याकरणाची मूलतत्त्वे मराठीतून प्रसिद्ध केली. पुढे जोसेफ एझिकेल राजपूरकर ह्यांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू व ग्रीक शिकून मूळ भाषांवरून संपूर्ण बायबल भाषांतरित केले. ते त्यांच्या निधनानंतर, १९२४ मध्ये, प्रसिद्ध झाले. संस्कृतप्रचुर ग्रांथिक भाषेऐवजी सामान्य स्त्रीस समजेल अशी मराठी योजावी, हा त्यांचा आग्रह होता. ज्या स्त्रियांनी वैधव्य, दुष्काळ आणि पुरुषांचा जाच सोसला होता त्यांच्या वस्तीत हे काम चालले. तामारेची वा हागारेची कथा अशा वाचकवर्गापुढे ठेवताना शब्दांची निवड ही केवळ पांडित्याची बाब राहू शकत नाही.

ह्या परंपरेतून आणि वरील विवेचनातून काही व्यावहारिक सूत्रे निघतात. मूळ लेखकाने जेथे धातू बदलला तेथे भाषांतरातही तो बदलावा. जेथे तो एकच ठेवला तेथे शक्यतो एकच ठेवावा. मुळातील संदिग्धता टीपेत सांगावी, मजकुरात सोडवू नये. पर्यायोक्तास मराठी पर्यायोक्त सापडत असेल तर तेच घ्यावे. नसेल तर साधा शब्द घ्यावा, जड शब्द नव्हे. आधुनिक वर्गवाचक नामे प्राचीन कृतिवाचक क्रियापदांच्या जागी घालू नयेत. आणि ज्या शब्दासवे स्थानिक संस्थेचा इतिहास येतो, तो शब्द कितीही सोयीचा असला तरी तपासून घ्यावा.

मिश्नेतील आचार्यांनी काही कथा अननुवाद्य ठरविल्या, तेव्हा भाषांतराने कथेचे काय होते हे त्यांनी नेमके ओळखले होते. हिब्रू न जाणणारा श्रोता मूळ ध्वनी ऐके आणि दुभाषी गप्प राही. आजचा दुभाषी गप्प राहू शकत नाही. परंतु अम्नोनाच्या घरात तामार काय म्हणाली, तिला कोणी धरले आणि कोणत्या क्रियापदाने कोणाकडे दोष गेला, हे श्रोत्याला कळावे असे वाटत असेल, तर त्याने बोलताना स्वतःचे शब्द मूळच्या शब्दांपुढे दामटू नयेत, एवढा संयम त्याला पाळावाच लागेल.